तीन बोटांचं माप

तोंडाच्या कॅन्सरचा शेवटचा शेक ज्या दिवशी होतो, त्या दिवशी घरी पेढे आणले जातात. आणावेतच. पण ज्याच्यासाठी आणले त्याला बहुधा तो पेढा खाता येत नाही. तोंड आतून सोलवटलेलं असतं, चव गेलेली असते, लाळ चिकट झालेली असते आणि जबडा पुरता उघडत नाही. पुढचा आठवडा-दीड आठवडा हा त्रास वाढतोसुद्धा, कारण किरणांचा परिणाम मशीन बंद झालं म्हणून लगेच थांबत नाही. घरच्यांची समजूत असते की उपचार संपले, आता माणूस दिवसागणिक सुधारणार. तसं होताना दिसलं नाही की सगळे धास्तावतात. रोग परत आला का, इथपर्यंत विचार जातो.

रोग परत आलेला नसतो. उपचारांचा तो भाग सुरू झालेला असतो जो घरात, स्वयंपाकघरात आणि आरशासमोर पार पाडायचा असतो. त्याबद्दल रुग्णाला आणि घरच्यांना ऑपरेशनच्या आधीच नीट सांगायला हवं असं मला फार तळमळीने वाटतं, कारण त्यातल्या काही गोष्टी वेळेवर केल्या तरच जमतात. वर्षभराने केल्या तर फारसा उपयोग उरत नाही.

तोंडाचाच कॅन्सर निवडला, कारण तो आपल्याकडचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या आहारी गेलेले आढळले. ओढणारे त्यांत थोडे, चार टक्क्यांच्या आतच. बाकी सगळे चघळणारे, दाढेखाली धरणारे, हिरड्यांना लावणारे. विदर्भात खर्रा, पश्चिम महाराष्ट्रात मावा, गावोगावच्या बायकांची मिश्री. गोव्याने २००५ साली आणि महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी तंबाखू आणि सुपारी हाताशी राहिलीच. गालाच्या आत, खालच्या हिरडीलगत जिथे तंबाखूचा बार धरतात, नेमका तिथेच आपल्याकडे हा रोग जास्त दिसतो. पुष्कळदा तो होतो चाळिशी-पन्नाशीतल्या कमावत्या माणसाला. म्हणजे बरं झाल्यावर त्याला अजून बरीच वर्षं जगायचं असतं, काम करायचं असतं, पोरांची लग्नं करायची असतात.

फिट्झह्यू मुलन नावाचे एक अमेरिकन डॉक्टर होते. त्यांना स्वतःला कॅन्सर झाला होता. १९८५ साली त्यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की रुग्णांची ‘बरे झालेले’ आणि ‘न झालेले’ अशी दोन खात्यांत विभागणी करणं चूक आहे. निदानापासूनच माणूस कॅन्सरसह जगायला लागतो आणि या जगण्याचे टप्पे असतात: आधी उपचारांची धामधूम, मग रोग परततो की काय या धास्तीचा काळ, आणि पुढे कायमचं जगणं, ज्यात उपचारांनी मागे ठेवलेले परिणाम सांभाळायचे असतात. आपल्याकडे पहिल्या टप्प्यासाठी यंत्रणा बऱ्यापैकी उभी राहिली आहे. पुढच्या दोन टप्प्यांत मात्र घर एकटं पडतं.

आधी उपचार काय करतात ते पाहू. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मुख्य भर ऑपरेशनवर असतो. ‘गाठीला लोखंड लागलं की पसरते’ या भीतीने तपासणीसाठी तुकडाच काढू न देणारी माणसं आजही भेटतात. तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. भीतीपोटी घालवलेल्या महिन्यांत मात्र पसरतो. ऑपरेशनमध्ये गाठीभोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात, जबड्याच्या हाडाला रोग भिडला असेल तर तेवढं हाड काढतात आणि मानेतल्या लसिका गाठीही काढतात. मानेत गाठ लागत नसताना मान उघडायची कशाला, यावर सर्जनांमध्ये पुष्कळ वर्षं वाद होता. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००४ ते २०१४ या काळात चाचणी घेऊन तो मिटवला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मानेच्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. परळमध्ये झालेल्या या कामाने जगभरची पद्धत बदलली.

पण याच ऑपरेशनने खांदा दुखावतो. मानेतून खांद्याकडे जाणारी एक नस गाठी काढताना ताणली जाते, कधी काढावीही लागते. मग हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, फडताळावरचा डबा काढणं, सगळं अडतं. पुष्कळ रुग्णांना वाटतं की हे वय झाल्याचं दुखणं आहे किंवा हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपल्यामुळे आहे. खरं कारण कळलं आणि जखम भरताच फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सुरू केले, तर हात बराच सुधारतो. या रोगाच्या उपचारात असंच आहे. ज्याने आयुष्य वाढतं त्याची किंमत शरीरात कुठेतरी भरावी लागते, आणि ती कुठे भरावी लागते आहे हे माहीत असलं तर ती कमी करता येते.

काढलेल्या भागाच्या जागी छातीवरचा स्नायू कातडीसकट वर वळवून लावतात, किंवा पायाच्या पोटरीतलं बारीक हाड काढून त्याचा जबडा घडवतात. एक गोष्ट सहसा कुणी आधी सांगत नाही. पुरुषाच्या छातीची कातडी तोंडात लावली तर तिथे केस उगवू शकतात. जिभेला केस लागला की माणूस हादरतो आणि लाजेपोटी कुणाला सांगतही नाही. त्यात धोका काही नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टर ते कापून देतात.

ऑपरेशननंतर तुकड्याचा रिपोर्ट पाहून गरज असेल तर किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला शेक किंवा लाइट म्हणतात ते, दिले जातात. सोमवार ते शुक्रवार, रोज थोडे, असे साधारण सहा आठवडे. रोग गाठीबाहेर फुटलेला असेल किंवा कडेपर्यंत आलेला असेल तर सोबत केमोचं औषधही देतात.

आता तीन बोटांविषयी. आरशासमोर उभं राहून स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. निरोगी प्रौढ माणसाच्या तोंडात ती सहसा मावतात, कारण तोंड ४० ते ५० मिलिमीटर उघडतं. ३५ च्या खाली गेलं की डॉक्टर त्याला तोंड आखडणं म्हणतात. किरणांनी चावण्याच्या स्नायूंमध्ये धागेदार, ताठर ऊती तयार होतात आणि ऑपरेशनचा व्रणही ओढ घेतो. हे आखडणं हळूहळू, न कळत होतं. सर्वांत जास्त होतं ते शेक संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. नेमक्या याच काळात माणूस थकलेला असतो, तोंड दुखत असतं आणि व्यायामाचा कंटाळा येतो. त्यात बरीच वर्षं सुपारी किंवा खर्रा खाल्लेल्याचं तोंड रोगाच्या आधीच आखडायला लागलेलं असतं.

व्यायामाला महागडं उपकरण लागतंच असं नाही. आइसक्रीमच्या लाकडी काड्या पुरतात. जितक्या काड्या दाढांमध्ये सहज मावतात तितक्यांची चवड घालायची, मग मधोमध आणखी एक सरकवायची. ओढ बसते, ती अर्धा मिनिट सोसायची आणि काढायची. असं दिवसातून पाच-सहा वेळा करायचं. टाके ताजे असताना किंवा जबड्यात प्लेट घातलेली असताना कधी सुरू करायचं आणि किती जोर लावायचा, हे सर्जनला विचारूनच ठरवायचं. पण हे विचारायचं राहू द्यायचं नाही. तोंड एका बोटावर आलं की चमचा आत जात नाही, ब्रश पोचत नाही, डेंटिस्टला काम करता येत नाही आणि सर्वांत वाईट म्हणजे तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना आतलं दिसत नाही. आत नवा चट्टा आला असेल तर तो लपून राहतो. काड्यांची संख्या रोज कॅलेंडरवर लिहून ठेवणारे रुग्ण मला फार शहाणे वाटतात. आठ दिवसांत दोन काड्या कमी झाल्या तर ते लगेच त्यांच्या नजरेत येतं.

जेवणाचा प्रश्न याहून मोठा आहे, कारण त्यात सगळं घर गुंतलेलं असतं. ‘अहो, दोन घास तरी खा’ म्हणणारी बायको आणि ताट सरकवणारा नवरा, दोघांचीही चूक नसते. तोंडात जखमा असतात आणि चव गेल्यामुळे वरण मातीसारखं लागतं. मग घरात जे सोपं ते होतं: पातळ पेज, नारळपाणी, साबुदाण्याची लापशी. पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन उतरत जातं. शरीराला या काळात भरून यायला नेहमीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, आणि पेजेत ती फारशी नसतात. म्हणून पातळपणा ठेवावा पण कस वाढवावा. नाचणीची पेज पाण्याऐवजी दुधात करावी आणि वर चमचाभर तूप घालावं. मुगाची खिचडी सैल शिजवून मिक्सरमधून काढावी. वरण दाट ठेवावं. चालत असेल त्याला मऊ अंडं, दह्यात कालवलेला मऊ भात, कुस्करलेलं केळं द्यावं. तिखट, चिंच, कोकम, लिंबू काही आठवडे बाजूला. कोमट द्यावं, दर दोन तासांनी थोडं थोडं द्यावं. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करावं. ते सलग उतरत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं. साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो या समजुतीने दूध-गूळ तोडणारी घरं आहेत. या काळात उपासमार जास्त घातक असते. मधुमेह असेल त्याचा हिशेब वेगळा, पण तिथेही एक सांगायचं. खाणं आणि वजन घटलं की साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा जुना डोस जास्त होऊ शकतो. तो डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्यावा.

नाकातून नळी घातलेली असेल तर रुग्णाला बसवूनच भरवायचं आणि नंतरही अर्धा-पाऊण तास बसतं ठेवायचं. अन्न गाळून घ्यायचं आणि भरवण्याआधी आणि नंतर नळीतून साधं पाणी सोडायचं, म्हणजे ती तुंबत नाही. नाकपुडीपाशी नळीवर खूण करून ठेवायची. खूण बाहेर आलेली दिसली तर नळी घरच्या घरी आत ढकलून भरवायचं नाही. परळला उपचार घेणारी गावाकडची कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथे नवी आलेली माणसं जुन्यांचं पाहून हे सगळं शिकतात. हे शिक्षण मोलाचं आहे, पण एवढी गोष्ट नशिबाने भेटलेल्या शेजाऱ्यावर सोडायला नको.

नळी असतानाही गिळण्याचे स्नायू बसून राहता कामा नयेत. न वापरलेला स्नायू दुबळा होतो आणि महिनाभर काहीच न गिळलेल्या माणसाला नळी काढल्यावर पाणी प्यायलाही ठसका लागतो. स्पीच थेरपिस्ट परवानगी देत असेल तर रोज काही चमचे तोंडाने घ्यावेत. एक धोका मात्र ओळखायला शिकावं. काही रुग्णांचं अन्न श्वासनळीत जातं आणि त्यांना खोकलाही येत नाही. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येणं आणि वरचेवर ताप येणं ही त्याची चिन्हं.

लाळ निरोगी माणसात दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते आणि आपलं तिच्याकडे कधी लक्ष जात नाही. ती अन्न ओलं करते, आम्ल धुऊन नेते, दातांना खनिजं पुरवते. किरणांनी लाळग्रंथी सुकल्या की दात हिरडीलगत किडायला लागतात आणि एरवी जी कीड बरीच वर्षं घेते ती काही महिन्यांत होते. नव्या पद्धतीच्या यंत्रांनी गालामागच्या लाळग्रंथी बऱ्याच वाचवता येतात. इंग्लंडमधल्या एका चाचणीत वर्षभरानंतर तोंड त्रासदायक कोरडं राहिलेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होतं, नव्या पद्धतीत ३८ टक्के. म्हणजे त्रास कमी झाला, संपला नाही. पाण्याची बाटली सतत जवळ, मऊ ब्रश, खाण्याच्या सोड्याच्या आणि मिठाच्या पाण्याच्या चुळा, डॉक्टरांनी लिहून दिलेली जास्त फ्लोराइडची पेस्ट: हे जन्मभराचं आहे.

आणि दात काढण्याबाबत तर मी हात जोडून सांगेन. किरण मिळालेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथला दात उपटला तर जखम न भरता हाड कुजत जाऊ शकतं. म्हणून हलणारे, किडलेले दात शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढून टाकतात. हा धोका पाच वर्षांनी किंवा दहा वर्षांनीही जात नाही. दहा वर्षांनी दाढ ठणकते, माणूस तालुक्याच्या गावी डेंटिस्टकडे जातो, जुना रोग सांगायचं त्याला सुचत नाही, आणि दाढ काढली जाते. असं होऊ देऊ नये.

मानेला शेक मिळालेल्यांत थायरॉइड मंदावण्याचं प्रमाण बरंच असतं. थकवा, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं, उदास वाटणं हे सगळं ‘एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलाय’ या सदरात टाकलं जातं. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने टीएसएचची साधी रक्ततपासणी केली की उलगडा होतो आणि एका गोळीवर भागतं. सिस्प्लाटिन हे केमोचं औषध मिळालेल्याला कानात सतत आवाज येत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर तेही सांगायला हवं. मानेतल्या रक्तवाहिन्यांवरही किरणांचा परिणाम होतो, म्हणून रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं इथे इतरांपेक्षा जास्त गरजेचं.

बोलणं बदलतं. जिभेचं ऑपरेशन झालेल्याला ट, ड, ण, ळ अवघड जातात, ओठाला टाके पडलेल्याला प, ब, म. फोनवर ‘कोण बोलतंय?’ असं दोनदा विचारलं गेलं की माणूस फोन उचलणं सोडतो. लग्नाच्या पंगतीत तोंडातून घास ओघळेल म्हणून जाणं टाळतो. बाई असेल तर चेहऱ्यावरून पदर ओढून घेते आणि हळदीकुंकवाला जाईनाशी होते. याला अभिमान किंवा हट्ट समजू नये. डोकं आणि मान यांच्या कॅन्सरच्या रुग्णांत नैराश्याचं प्रमाण मोठं आहे. ‘आता जगून काय करू’ असं कुणी म्हणू लागलं तर ते बोलण्याच्या ओघात आलं असं न मानता डॉक्टरांच्या कानावर घालावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

रोग परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून त्या काळात तपासणीच्या तारखा जवळजवळ असतात. बरं वाटतंय म्हणून त्या बुडवू नयेत. रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टियर एसी डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला हॉस्पिटलच्या दाखल्यावर पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. हे माहीत नसल्याने काही घरं भाड्याच्या पैशांसाठी तारीख पुढे ढकलतात. दोन तारखांच्या मधल्या काळात दोन आठवडे न भरलेली जखम, मानेत नवी गाठ, एकाच बाजूच्या कानात कळ, तोंडातून रक्त, यांपैकी काही दिसलं तर थांबू नये.

तंबाखू सुटली पाहिजे हे सगळेच सांगतात. सुपारीचं मात्र कुणी सांगत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अहवालात तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं आहे. तंबाखू वर्षानुवर्षं लागत आलेली असते ती सगळ्या तोंडाला. म्हणून एक गाठ काढली तरी उरलेल्या तोंडात दुसरीकडे नवा कॅन्सर उगवू शकतो. व्यसन सुटत नाही म्हणून माणसाला घालूनपाडून बोलण्याने काही साधत नाही. निकोटिनचं च्युइंगम, औषधं आणि समुपदेशन यांनी साधतं. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मराठीतून मदत मिळते. आणि घरात दुसरं कुणी मळत असेल तर ती पुडी त्या घरातून जायला हवी.

चालण्याबद्दल आता भक्कम पुरावा हाती आला आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांची एक चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी ९०.३ टक्के हयात होते. फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण ८३.२ टक्के होतं. रोग वेगळा आहे, म्हणून हे आकडे तोंडाच्या कॅन्सरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण उपचारांनंतर माणसाला खाटेवर जपून ठेवण्याची आपली रीत यापुढे टिकायला नको, एवढं त्यातून नक्की कळतं.

शेवटी एक कागद. हॉस्पिटलची फाइल जाडजूड असते आणि गावच्या डॉक्टरांना ती चाळायला वेळ नसतो. म्हणून शेवटच्या शेकाच्या दिवशी डॉक्टरांना विनंती करून एका पानावर लिहून घ्यावं: कोणती बाजू, कोणतं ऑपरेशन, शेक कोणत्या भागाला, किरणांची मात्रा किती ग्रे आणि शेक कधी संपले, केमोचं औषध कोणतं, त्या दिवशी तोंड किती मिलिमीटर उघडत होतं, टीएसएच पुन्हा कधी करायची. त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. एक घरात ठेवावी, दुसरी फॅमिली डॉक्टरांकडे द्यावी. मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून जवळ बाळगावा, आणि दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्याआधी तो त्यांच्या हातात द्यावा.